दोष लाईटचा नव्हता, शमुवेल

शमुवेल,

तुझ्या आठवणीची भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा, झाली त्या रविवारी पाळकसाहेबांनी मलाही दोन शब्द बोलायला पुढे बोलावलं. मी उठलो नाही. सगळ्या चर्चमध्ये मी एकटा बिनदेवाचा माणूस, शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसलो होतो. जो उठे तो सांगे की तू किती शांत होतास, किती गोड बोलायचास, कधी कुणावर आवाज चढवला नाहीस. मी मनात म्हटलं, हे कोणाबद्दल बोलून राहिले बाप्पा? एकवीस वर्षं ज्याच्याशी रोज भांडलो तो हा माणूस नव्हेच. तू गोड बोलायचास, पण गिऱ्हाइकाशी. माझ्याशी बोलताना तुझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि आपलं भांडण ऐकायला समोरचा पानवाला रेडिओ बंद करायचा.

त्या दिवशी बोललो असतो तर मीही चार गोड शब्दच बोललो असतो. खरं सांगण्यासारखं जे होतं ते दुसऱ्या दिवशी घडलं. तुला जाऊन आता तीन आठवडे होतील. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तू अकोल्याचा, मी इथला अमरावतीचा. आयटीआयमध्ये एका बाकावर बसलो आणि पुढे बडनेरा रोडवरच्या गल्लीत मोटारी बांधायचं दुकान दोघांनी मिळून टाकलं. वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. तार तुझी, लोखंड माझं. विहिरीवरची जळालेली मोटार आली की जुनी तार काढून नवं वाइंडिंग भरायचं, त्याला वार्निश पाजायचं, ते वाळवायचं, हे तुझं काम. बेअरिंग, शाफ्ट, नट-बोल्ट हे माझं. विश्वासाचीही अशीच वाटणी होती. तुझ्या घरी उपासना, माझ्या घरी बुद्धवंदना. तू प्रार्थना केल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचा नाहीस, आणि मी म्हणायचो, आपल्याला हात आहेत ते नीट चालवावेत म्हणजे झालं, वर कुणाला विचारायची गरज नाही. या एका विषयावर आपण इतका चहा प्यायलो की हॉटेलवाल्याने तेवढ्यावर माडी चढवली असेल.

पाटीवरून झालेलं भांडण आठवतं का? पहिल्या वर्षी धंद्याचा जम बसत नव्हता. मीच म्हटलं, पाटीवर क्रूस काढू, खाली एखादं वचन लिहू. ख्रिश्चन कारागीर लबाडी करत नाही असं खेड्यातल्या लोकांना वाटतं, तर वाटू दे की. मला वाटलं तू खूश होशील. तू हातातली पक्कड खाली ठेवलीस.

“अन् क्रूस पाहून लोकायनं मोटारी आनल्या, अन् वाइंडिंग मी खराब भरलं तं?”

“तं काय? दुसरं गिऱ्हाईक येईन.”

“नाव त्याचं खराब होईन ना बे. वाइंडिंग का त्यानं भरलं?”

देवाची बदनामी नको म्हणून तू देवाला दुकानाच्या पाटीवर चढू दिलं नाहीस, आणि त्याला मानत नसलेला मी त्याला वर चढवायला निघालो होतो. शेवटी पाटीवर नुसती मोटार काढली. तीही पेंटरने अशी काढली की वर्षभर लोक गहू दळून मिळतील का विचारत यायचे.

आपल्या धंद्याला एक शब्द तारून नेतो, तो म्हणजे लाईट. बांधून दिलेली मोटार पंधरा दिवसांत पुन्हा जळून आली की कारागीर तिचा वास घेतो, मान हलवतो आणि म्हणतो, “लाईट कमी-जास्त झाली भाऊ, आमी का करावं?” शेतकऱ्यालाही ते पटतं, कारण लाईट खरोखरच कमी-जास्त होत असते. पुष्कळदा ते खरंही असतं. जेव्हा नसतं तेव्हाही तेच तोंड करून तेच सांगायचं, एवढीच काय ती कला. मला ती आठ दिवसांत आली. तुला एकवीस वर्षांत आली नाही.

अचलपूरकडच्या त्या पाहुण्या गिऱ्हाइकाची मोटार मी अजून विसरलेलो नाही. पुण्य आठवड्यातला, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा गुरुवार होता. वार्निश पाजलेली मोटार आपल्या पत्र्याच्या डब्यात मोठ्या बल्बांच्या उष्णतेत रात्रभर राहायला हवी होती. तू ती संध्याकाळीच बाहेर काढलीस, कारण चर्चमध्ये हार्मोनियम तुला वाजवायची होती आणि पाहुणा सकाळी पहिल्या एसटीने येणार होता. बारा दिवसांनी तो तीच मोटार पोत्यात घालून परत घेऊन आला. मी वास घेतला, मान हलवली, लाईटचं सांगूनही टाकलं. दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. तेवढ्यात तू मोटार उघडलीस, आत बोट घातलंस आणि सरळ म्हणालास, “लाईटची काही चूक नाही भाऊ. वार्निश वलं राहिलं होतं. मले चर्चमधी जायची घाई झालती. माही चूक हाय.”

त्या पाहुण्यापेक्षा मीच जास्त गार पडलो. उभ्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी आपल्या मोटारी उचलून नेल्या. मी तुझ्याशी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी म्हटलं, चूक कबूल केलीस ते ठीक, पण चर्चचं कशाला सांगितलंस? तू खाली मान घालून तार गुंडाळत होतास. म्हणालास, “देवाकडे जाऊन राहिलो म्हनून मी एका मानसाचं पानी बंद केलं. आता त्यालेच काय तोंड दाखवू?” तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं.

त्यानंतर तू बदललास. शुक्रवारी दुपारनंतर आलेली मोटार घ्यायची नाही, कारण तिचं वाळवणं रविवारात जाईल. आणि एकदा घेतलेली मोटार वाळेपर्यंत उठायचं नाही, मग बुधवारची प्रार्थना चुकली तरी चालेल. पाळकसाहेब एकदा दुकानात येऊन हसत हसत पण मुद्द्याचंच बोलले, “शमुवेलभाऊ, धंदा देवापेक्षा मोठा झाला काय?” तुझ्या हातात वार्निशचा ब्रश होता. “साहेब, माही प्रार्थना अर्धी राहिली तं तो समजून घेते. वार्निश अर्धं राहिलं तं मोटार समजून घेत नाही.” साहेबांनी गिला वडा मागवला, तो खाल्ला, आणि जाताना तुझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

पण माझ्याकडे तोंड वळलं की तूच पाळकसाहेब व्हायचास. भर हंगामात मी म्हणायचो, महिनाभर रविवारी दुकान उघडू, लोक दारात उभे आहेत. तू म्हणायचास, “सहा दिवसात जे झालं नाही, त्याचा सातव्या दिवशी कोन्ता दिवा लावनार हाय तू?” मी चिडून एकदा एकटाच रविवारी दुकान उघडून बसलो. तू भक्ती आटोपून कडक इस्त्रीच्या कपड्यांत दारात आलास, वहिनीने दिलेला डबा माझ्यासमोर ठेवलास आणि निघून गेलास. डब्यात पुलाव होता. त्यानंतर पुन्हा रविवारी दुकान उघडावंसं मला कधी वाटलं नाही. ते पुलावामुळे की लाजेमुळे, हे तू कितीदा विचारलंस तरी मी सांगितलं नाही. लाजेमुळे, शमुवेल.

आता डिसेंबरचं सांगतो. त्यातलं अर्धं तुला माहीत नाही.

मोर्शीजवळच्या शोभाताई त्यांच्या विहिरीवरची मोटार घेऊन आल्या होत्या. संत्र्याची साडेतीनशे झाडं त्या एकट्या सांभाळतात. डिसेंबरात झाडांचं पाणी तोडून त्यांना तहानेलं ठेवतात, जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. तेवढ्या रिकाम्या दिवसांत मोटार नवी करून घ्यावी असा त्यांचा हिशेब. तू वाइंडिंग भरलंस. तुझे हात त्या दिवसांत थोडे थरथरायचे, आणि मी ते पाहिलं न पाहिल्यासारखं करायचो. बेअरिंग बसतं ते घर झिजून मोठं झालं होतं. ते लेथवर नेऊन आत बुश, म्हणजे धातूचं कडं, बसवून घ्यायचं, हे आयटीआयचं पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. लेथवाला म्हणाला, दोन दिवस लागतील. आणि मला आला राग, तुझाच. तू नाताळासाठी तीन दिवस दुकान बंद ठेवणार, गाणी म्हणत घरोघरी फिरणार, मग मीच काय म्हणून दोन दिवस थांबू? मी दुकानातच घराच्या आतून पंचचे ठोके मारले, उंचवटे आणले आणि त्यात बेअरिंग घट्ट ठोकून बसवलं. दिसायला एकदम नवं.

तू विचारलंस, “लेथवर नेलं होतं न?”

मी म्हटलं, “नेलं होतं.”

त्याच संध्याकाळी चहा पिताना आपला जुना वाद निघाला. मी विचारलं, समजा देव नसता, तर तू लोकांना लाईटचं सांगितलं असतंस का? तू म्हणालास, “सांगतलं असतं. तुह्यासारखंच.” मी उसळलो. म्हणजे मी लबाड आणि तू देवाच्या धाकाने सरळ? तू हसायला लागलास. मी म्हटलं, थांब, देवाशिवायही माणूस सरळ राहू शकतो हे तुला दाखवून देईन. अर्ध्या तासापूर्वी तुझ्याशी खोटं बोललेलं तोंड होतं ते.

दाखवून द्यायला तू थांबला नाहीस. नाताळ झाला, नवीन वर्ष लागलं, आणि एका सकाळी अंगणात दात घासता घासता तू बसलास तो उठलाच नाहीस.

आठवणीच्या भक्तीनंतरच्या सोमवारी मी दुकान उघडलं. अकराच्या सुमारास दारात पिकअप थांबली आणि शोभाताई उतरल्या. मागे तीच मोटार. पाणी सोडून सहावा दिवस होता आणि मोटार जळाली होती. एकदा पाणी सुरू केलं की खंड पडून चालत नाही, फूल गळतं आणि वर्ष हातचं जातं. त्यांना तुझं काहीच कळलेलं नव्हतं. “शामूभाऊ कुठं हाय?” म्हणाल्या. मी सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या, डोळ्याला पदर लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मंग आता ही मोटार कोनाले दाखवू मी?”

मोटार उतरवेपर्यंत गल्लीत बातमी झाली होती. पानवाला म्हणाला, “शेवटी शेवटी शामूचे हात कापत होते न भाऊ.” बाजूच्या पंक्चरवाल्याने मान डोलावली. कुणी वाईट हेतूने बोलत नव्हतं. पण तुझं शेवटचं काम बिघडलं हे सगळ्यांनी मोटार उघडायच्या आतच धरून टाकलं. आणि खरं सांगू? मीही धरलं होतं. पाना लावताना मी ठरवलं होतं की आत काहीही निघो, आपण लाईटचं सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द मी माझ्यासाठी नाही, दुसऱ्या कुणासाठी वापरणार होतो. शमुवेलसाठी एवढं तरी करू, असं वाटून मला थोडं बरंही वाटत होतं.

मग मोटार उघडली. आत फिरणारा रोटर एका बाजूने घासून चकचकीत झाला होता. त्याच बाजूला वाइंडिंग जळालेलं, बाकी सगळं जसंच्या तसं. मी नख लावून पाहिलं. वार्निश खडखडीत वाळलेलं, नखाला दाद देत नव्हतं. आणि बेअरिंग माझ्या दोन बोटांनी अलगद बाहेर आलं. पंचचे उंचवटे चेपून गेले होते, बेअरिंग ढिलं पडलं होतं, रोटर खाली बसून घासत राहिला होता.

बोलायला तीन रस्ते होते. लाईटवर ढकलावं, शोभाताईंनी मानलं असतं. काही न बोलता उसासा टाकावा, मग सगळ्यांनी तुझ्यावरच ढकललं असतं, मला तोंडही उघडावं लागलं नसतं. तू थोडाच सांगायला येणार होतास? तिसरा रस्ता तुझा होता. शोभाताईंनी विचारलं, “लाईटनंच गेली असन, हो न?”

“नाही ताई,” मी म्हटलं. “लाईटची चूक नाही. शामूची पन नाही. त्याचं वाइंडिंग पहा, कसं हाय. बेअरिंगचं घर लेथवर न्याले पायजे होतं, मी नेलं नाही. ठोकून बसवलं. माही चूक हाय.”

पानवाल्याच्या दुकानातला रेडिओ बंद झाला होता. मला वाटलं होतं, खरं बोललं की समोरचा माणूस विरघळतो. तसं काही झालं नाही. “तुमच्या कंटाळ्यापायी माह्या झाडाचं फूल गळन,” शोभाताई म्हणाल्या. “आता काय करता ते बोला.”

बोलायला तोंड नव्हतं म्हणून कामाला लागलो. दुकानातली आपली चालू मोटार काढली, त्यांच्याच पिकअपमध्ये टाकली आणि स्वतः जाऊन त्यांच्या विहिरीवर जोडून दिली. अंधार पडायच्या आत पाणी सुरू झालं. कळ्या धरलेल्या होत्या. ताई पाटाने चालत गेल्या आणि दोन-चार झाडांशी वाकून पाहून आल्या. म्हणाल्या, “रायते वाटते फूल.” एवढंच. पण जाताना मला वाटीभर गूळ-शेंगदाणे दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांची मोटार कामाला घेतली. बेअरिंगचं घर लेथवर पाठवलं, दोन दिवस तर दोन दिवस. वाइंडिंग भरायला तू नव्हतास. आयटीआयनंतर मी कॉइल टाकली नव्हती. किती वेढे द्यायचे ते कळायला तू भरलेल्या कॉइली सोडवून मोजाव्या लागल्या. शमुवेल, मी तुझं काम स्वतःच्या हाताने उकलत बसलो होतो. एक कॉइल मोजली, दुसरी मोजली, मग गरज नसताना सगळ्याच मोजल्या. थरथरत्या हातांनी टाकलेल्या त्या कॉइलींत एकही वेढा कमी नव्हता, एकही जास्त नव्हता. चर्चमध्ये सगळे रडले तेव्हा मी रडलो नव्हतो. तिथे, तारेच्या त्या ढिगाशेजारी बसून रडलो. आणि मग तुझ्याइतकेच वेढे मोजून नवी तार भरली. माझ्या कॉइली दिसायला वाकड्या आहेत, पण आकडा बरोबर आहे. वार्निश रात्रभर वाळवलं. मोटार त्यांच्या विहिरीवर चार दिवसांपासून चालू आहे आणि फूल झाडावर आहे.

तुझ्या जागी कुणाला घ्यायचं हे अजून ठरत नाही. तोवर तार मीच भरणार. कालच दोन मोटारी आल्या, त्यातली एक पानवाल्याच्या मेव्हण्याची, त्यानेच पाठवलेली. म्हणजे खरं बोलून दुकान बसलं नाही. मागच्या वेळी मी तीन दिवस अबोला धरला होता तो फुकटच गेला म्हणायचा. देवाचा आपला वाद मात्र तसाच राहिला. बिनदेवाचा माणूस सरळ बोलू शकतो हे मी दाखवून दिलं, असं म्हणावं, तर त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तू उभा होतास, आणि तुझ्यामागे कोण उभा होता हे तू एकवीस वर्षं सांगत आलास. ह्यात कोण जिंकलं ते मला ठरवता येत नाही. हरलो असं मी तरी म्हणणार नाही, तुला माहीतच आहे.

एक काम उरलं होतं. गल्लीतलं बोलणं तुझ्या घरापर्यंत पोचलं होतं. रूथवहिनीला भाजीवाल्याकडे कुणीतरी ऐकवलं होतं की तुझी शेवटची मोटार जळून आली. काल संध्याकाळी घरी गेलो. वहिनीने खुर्ची दिली, पाणी दिलं, पण माझ्याकडे पाहत नव्हती. मग स्वतःच म्हणाली, “भाऊजी, त्यायची तब्येत बरी नोती. त्यायनं मुद्दाम खराब नसन भरलं. तुमाले लोकायनं बोल लावला असन न?”

तुझ्या वतीने ती माझी माफी मागत होती, शमुवेल. मी तिला सगळं सांगितलं. पंचचे ठोके, लेथवाला, तुझ्याशी बोललेलं खोटं, आणि कॉइलीतले वेढे. मला वाटलं आता बोल ऐकावे लागणार, आणि ऐकायची माझी तयारी होती.

“म्हनजे,” ती म्हणाली, आणि डोळे पुसून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, “काम नीट करून गेले ते.”

“हो वहिनी,” मी म्हटलं. “एकदम नीट.”